पाच हजारांवरून मोडलेला सौदा

निवृत्ती सोनवणे यांचा दौंडमधल्या दोन खोल्यांच्या घराचा सौदा १९९७ साली, दिवाळीनंतरच्या एका रविवारी मोडला. तेव्हा त्या घराच्या पुढच्या खोलीत चार माणसं होती: घरमालक, त्यांचा मुलगा, सोनवणे आणि मी. पुढच्या उन्हाळ्यात ते घर दुसऱ्या माणसानं घेतलं. सौदा पाच हजार रुपयांवरून मोडला, असं रेल्वे कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं. सोनवणेंच्या बायकोलाही तेच माहीत होतं.

सोनवणेंना सगळे मामा म्हणत. ते रेल्वेच्या यार्डात फिटर होते. मूळ गाव शिरूर तालुक्यातलं न्हावरे. ठेंगणे, रुंद खांद्याचे, डोक्यावर कायम टोपी, वरच्या खिशात चष्म्याची पेटी. चष्मा मात्र कधी तिच्यात नसे. मी १९९१ साली एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून दौंडला आलो आणि कॉलनीच्या भिंतीमागे एक खोली भाड्यानं घेतली. मामांच्या क्वार्टरचं मागचं दार माझ्या खिडकीसमोर यायचं. ओळख व्हायला वेळ लागला नाही. पहिल्या आठवड्यातच त्यांनी विचारलं, "पेपरवाले, तुम्हाला गप बसता येतं का?"

प्रश्न गंभीर होता. मामांना एका गप्प माणसाची गरज होती.

कॉलनीत कुणाला घर किंवा जागा घ्यायची असली की तो भाव पाडायला मामांना बरोबर नेई. ते दलाल नव्हते. या कामाचे पैसे त्यांनी घेतलेले मी पाहिले नाहीत. घर झालं की घरभरणीचं जेवण, एवढीच अपेक्षा असे, पण ती पक्की असे. एका पार्सल क्लार्कनं जेवणाला बोलावलं नाही, तर मामा दोन वर्षं त्याचा उल्लेख "त्यो उपाशी घरवाला" असा करत.

बोलणी करायला दोघांनी जायचं, असा त्यांचा दंडक होता. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं काहीच बोलायचं नाही. "मालक बोलणाऱ्याला घाबरत न्हाई," ते म्हणत. "ह्यो गप बसलाय त्याच्या मनात काय हाय, ह्याला घाबरतो." त्यांचा आधीचा गप्प माणूस बदली होऊन सोलापूरला गेला होता. ती जागा मला मिळाली.

घराला ते कधी नावं ठेवत नसत. इतर लोक घर पाहताना ओल शोधतात, भिंतीवर बोटं वाजवतात, नळ सोडून बघतात. मामा आत शिरल्यापासून तारीफ करत. हवा चांगली, उजेड चांगला, चौकट सागाची दिसते. एकदा मी कारण विचारलं. ते म्हणाले, "ज्यानं बांधलं त्याच्या म्होरं त्याच्या भिंतीला नाव ठिवलं की त्याला राग येतो. राग आला की त्यो भाव धरून बसतो. खूश माणूस सोडतो."

तारीफ संपली की मालक भाव सांगे. मग मामा डावा कान पुढे करत. यार्डात हातोड्याच्या आवाजात अर्धं आयुष्य गेल्यामुळे त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येई, हे खरं होतं. उजवा कान शाबूत होता. तरीही सौद्यात ते डावाच कान पुढे करत आणि विचारत, "किती म्हणालात?" मालकाला आकडा पुन्हा सांगावा लागे. मोठा आकडा दुसऱ्यांदा सांगताना माणसाचा आवाज जरा पडतो, असं मामांचं निरीक्षण होतं. आवाज पडला की खाली जागा आहे, असं ते समजत.

सगळ्यात शेवटी उठणं. मामा घर बघायला जाताना बकलाच्या सँडल घालत. एरवी त्या खाटेखाली असत. बोलणं अडलं की ते हात जोडून उठत आणि दाराशी वाकून बक्कल लावायला घेत. एक बक्कल, मग दुसरं. "येळ लागतो त्याला. तेवढ्यात आतला माणूस इचार बदलतो." बहुतेक वेळा पहिल्या बकलालाच हाक येई.

त्यांचा पुतण्या प्रकाश रांजणगावच्या कारखान्यात लागला होता आणि त्याला शेजारच्या कारेगावला घर हवं होतं. तिथं एका शेतकऱ्यानं कामगारांसाठी खोल्यांची रांग बांधली होती आणि तिच्या टोकाचं घर विकायला काढलं होतं. त्याला तात्या म्हणत. आम्ही ओट्यावर बसलो. मामांनी हवा, उजेड, चौकट सगळं उरकलं. तात्यानं भाव सांगितला, सव्वा लाख.

"किती म्हणालात?"

"सव्वा लाख की. त्यो यूपीवाला रोज इचारून जातोय."

"घर झाक हाय. वारं कसं आरपार जातंय. किती म्हणालात?"

"अवो मामा, दोन बारी सांगितलं. बरं, एक वीस म्हणा."

"ह्या कानानं जरा कमी येतंय ओ."

"मग मी त्या कानाकडं येतो," म्हणून तात्या उठून उजव्या बाजूला येऊन बसला. मामाही बसल्या जागी वळले. डावा कान पुन्हा तात्यासमोर आला. आतून तात्याची म्हातारी आई ओरडली, "आरं तात्या, त्येला समदं ऐकू येतंय. तुलाच कळंना झालंय!"

मामांनी ऐंशी सांगितले. तात्या एक दहावर आला आणि अडला. मामा उठले. पहिलं बक्कल लागतं न लागतं तोच तात्या म्हणाला, "काढा त्या चपला. बसा. आन् ह्या तुमच्या मुक्या पाव्हण्याला तरी कायतरी बोलू द्या, का दातखीळ बसलीय त्याची?" घर पंच्याण्णवला झालं. घरभरणीला म्हातारीनं मामांच्या डाव्या कानापाशी येऊन मोठ्यानं विचारलं, "पुरणपोळी वाढू का?" मामांना पहिल्या फटक्यात ऐकू आलं. म्हातारी हसता हसता खाली बसली.

शिरूरचा सौदा असा झाला नाही. काळे नावाचे बुकिंग क्लार्क होते. त्यांची सासुरवाडी शिरूरला होती, म्हणून त्यांना तिथं घर हवं होतं. नदीकडच्या गल्लीत एक बाई घर विकत होती. तिनं ऐंशी हजार सांगितले. मामांनी नेहमीप्रमाणे खूप खालून सुरुवात केली, "साठ." बाई म्हणाली, "घ्या."

मामांनी विचारलं, "तुम्ही कुठं जाणार, बाई?"

"मुंबईला. भावाकडं."

"घाई हाय?"

"हाय."

मामांनी काळेंना बाहेर बोलावलं आणि आज इसार देऊ नका, असं सांगितलं. "एका दमात व्हय म्हणतंय ते माणूस अडलेलं असतंय. दोन दिस थांबा. तिला आणखी कुणाला तरी इचारू द्या."

"मामा, तुम्ही कुणाकडनं आलाय?" काळेंनी विचारलं.

काळे थांबले, कारण मामांच्या शब्दाबाहेर जायची कॉलनीत पद्धत नव्हती. दोन दिवसांनी ते घर बहात्तर हजारांना दुसऱ्यानं घेतलं. त्यानंतर काळे मामांशी बोलले नाहीत. ही हकीकत कॉलनीत पसरली तेव्हा मामांच्या बायकोनं, शांताबाईंनी, मागच्या दारात भांडी घासत माझ्यादेखत त्यांना सुनावलं, "लोकाचं घालवलंत ते घालवलंत. आपलं घ्यायचं येईल तवा असलं पुण्य नको मला."

मामी ब्लाउज शिवत. उंच, काटक, बोलायला फटकळ. क्वार्टरमध्ये त्यांच्या दोन पत्र्याच्या ट्रंका लग्नापासून एकावर एक उभ्या होत्या आणि त्यांतलं सामान त्यांनी कधी पूर्ण बाहेर काढलं नव्हतं. कढीपत्ता लावला होता, तोही तेलाच्या डब्यात. जमिनीत का नाही लावला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "जमीन रेल्वेची, भिंत रेल्वेची, चुना रेल्वेचा. ह्यातलं आपलं काय? ढेकूण तेवढे."

मामांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्यानंतर क्वार्टर सोडावं लागणार होतं. मुलगी सुनीता लग्नाची होती. तिच्या लग्नात पैसा जाण्याआधी घर झालं पाहिजे, असं मामींनी ठरवलं होतं.

घर त्यांनीच शोधलं. लाइनीच्या पलीकडे, दोन खोल्या, पुढे ओटा, मागे हातभर परस. मालक धान्याचे व्यापारी होते. धंदा बंद करून मुलाकडे पुण्याला निघाले होते. त्यांना आप्पा म्हणत. मामी ते घर दोनदा बघून आल्या. दुसऱ्या वेळी आप्पांच्या पत्नीनं, काकूंनी, त्यांना स्वयंपाकघरात नेलं, चहा दिला आणि निघताना वाटीभर लिंबाचं लोणचं दिलं. मामी परत आल्या त्या रात्रीच्या जेवणापर्यंत त्याच स्वयंपाकघराबद्दल बोलत होत्या. ओटा कमरेएवढा आहे, वाकावं लागत नाही. खिडकी पूर्वेला आहे. काकू म्हणाल्या, परसात अळूची पानं येतात, ती काढू नका.

आप्पांनी एक लाख पंच्याऐंशी हजार सांगितले होते. मामांनी पहिल्या बैठकीत भाव पंच्याहत्तरवर आणला. आप्पा शांत, मृदू बोलणारे होते. त्या दिवशी चहा झाला, पोहे झाले. पुढच्या रविवारी येऊन इसार द्यायचा, असं ठरलं.

त्या रविवारी सकाळी मामी दारात उभ्या होत्या. "अवं, ह्या बारीला उठू नका. आप्पा म्हणतील त्याला व्हय म्हणा. आन् त्या सँडल घालू नका."

"सवय हाय पायाला," मामा म्हणाले आणि त्यांनी त्या घातल्या.

आप्पांच्या घरी आम्ही बसलो. मुलगा पुण्याहून आला होता. त्यानं इसारपावतीसाठी कागद काढला आणि विचारलं, "नाव काय लिहायचं?"

"शांताबाई निवृत्ती सोनवणे," मामा म्हणाले.

सोनवणे या आडनावावरून आमच्याकडे जात कळत नाही. आप्पांनी सहज विचारावं तसं विचारलं, "सोनवणे म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?"

"न्हावऱ्याचा."

"अरे वा. न्हावऱ्यात आमचे पाहुणे आहेत. न्हावऱ्यात कुठं?"

हा प्रश्न आधीच्या सौद्यांतही मामांना अनेकदा विचारला गेला होता. दुसऱ्यांसाठी गेलेले असत तेव्हा ते "आता रेल्वेतच हाय गाव आमचं" असं म्हणत, लोक हसत आणि विषय संपे. त्या दिवशी त्यांनी तसं म्हटलं नाही. नंतर मला ते म्हणाले, जिथं राहायचंय तिथं पहिल्या दिवशी खोटं सांगून कसं राहायचं.

"बुद्धवाड्यात," ते म्हणाले. "शाळेच्या खालच्या अंगाला."

"बरं," आप्पा म्हणाले.

मुलानं पेनाला टोपण लावलं. आत कपबश्यांचा आवाज येत होता. आप्पांनी मान वळवून आत सांगितलं, "चहा राहू दे आता. यांना उशीर होतोय." आवाज थांबला.

मग आप्पा म्हणाले, "तर मी काय म्हणत होतो. मी हिशेब केला पुन्हा. एक पंच्याऐंशीच्या खाली मला परवडत नाही."

"मागच्या रविवारी पंच्याहत्तर ठरलं हुतं, आप्पा."

"बोलणं झालं होतं. ठरलं असं नाही."

मामांनी कान पुढे केला नाही. ते सरळ बसले होते. "बरं," ते म्हणाले. "एक पंच्याऐंशी."

मालकानं पहिल्यांदा सांगितलेला भाव मामांनी कबूल केला, असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आप्पांनाही ते अपेक्षित नसावं. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, "खरं म्हणजे दोनच्या खाली द्यायचंच नाही, असं आमचं चाललंय."

"दोन दिले तर देणार का?" मामांनी विचारलं. ते आप्पांकडे बघून विचारत होते.

आप्पा वर पंख्याकडे बघत म्हणाले, "बघू. घरात विचारावं लागेल."

मामा उठले. त्यांनी हात जोडले. दाराशी वाकून त्यांनी डावं बक्कल लावलं, मग उजवं. आतून कुणी काही बोललं नाही. त्यांनी डावं बक्कल सोडून पुन्हा लावलं. मग आम्ही बाहेर पडलो.

लाइन ओलांडायच्या पुलावर ते थांबले. खाली मालगाडी उभी होती. ती सुटेपर्यंत ते तिच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "पेपरवाले, पाच हजारांवरनं मोडलं. आप्पा पंच्याहत्तरवर ऱ्हायले, मी सत्तरच्या वर गेलो न्हाई. ध्यानात ऱ्हाईल?"

"मामी तुम्हाला बोलतील."

"बोलू द्या. ते झेपतं मला."

"खरं सांगायला काय हरकत आहे?"

"त्या घरात ती चहा पिऊन आलीय," मामा म्हणाले. "तवापासनं त्याच बाईचं कवतिक सांगतीय. तेवढं तरी ऱ्हाऊ द्या तिच्याकडं."

मामी दारातच होत्या. मामांनी आकडा सांगितला. त्यांना आधी खरं वाटलं नाही. मग त्या म्हणाल्या, "पाच हजार? अवं, माझ्या मशिनीवर फेडलं असतं की मी पाच हजार! वरीस लागलं असतं, दीड वरीस लागलं असतं. मला इचारायचं तरी." मामा खाटेवर बसून सँडल काढत होते. मामी माझ्याकडे वळल्या. "आन् तुम्ही? गप बसायला नेत्यात म्हणून इतकं गप बसायचं? दोन शब्द बोलायला काय पैसं पडत हुतं?"

काकूंची वाटी परत द्यायची राहिली होती. आपल्याकडे वाटी रिकामी परत करत नाहीत. मामींनी तिच्यात शेंगदाण्याची चटणी भरली. त्यांना स्वतः जायची लाज वाटत होती. इतका भाव पाडून, मोडून, आता काय तोंड घेऊन जायचं, असं त्या म्हणाल्या. वाटी मामा घेऊन गेले. ती तिथं कुणी घेतली, घेतली की नाही, हे मला माहीत नाही. मामींनी विचारलं तेव्हा मामा म्हणाले, "काकूंनीच घेतली. चटणी झाक झालीय म्हणाल्या." मामींनी ते दोनदा सांगायला लावलं.

पुढच्या उन्हाळ्यात आप्पांचं घर भांडगावच्या एका दूधवाल्यानं घेतलं. स्टेशनसमोरच्या हॉटेलात तो पेढे वाटत होता. मी आणि मामा तिथंच बसलो होतो. कितीला बसलं, असं मी त्याला विचारलं. "एक पासष्टला," तो म्हणाला. "आप्पा म्हंजी देवमाणूस. जास्त ताणलंच न्हाई." मामांनी पेढा घेतला. "चांगलं बसलं," ते म्हणाले. "घर झाक हाय. सैपाकाचा ओटा कमरंएवढा हाय बघा, वाकावं लागत न्हाई."

पुढच्या वर्षी सुनीताचं लग्न झालं आणि घरासाठीचे बरेच पैसे त्यात गेले. उरलेल्यात दौंडमध्ये बसेल असं घर राहिलं नव्हतं. १९९९ साली मामा निवृत्त झाले. क्वार्टर सुटलं. ट्रंका आणि कढीपत्त्याचा डबा हातगाडीवर घालून दोघं गावात दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत गेले.

भाव पाडायला मामांना कुणी बोलावायचं जवळजवळ बंद झालं होतं. स्वतःचं घर पाच हजारांसाठी घालवणाऱ्याला कोण नेणार, असं लोक म्हणत. जे बोलवायला येत त्यांना मामा सांगत, "आता कान चालत न्हाई." बाजारात भाजीवाली सांगेल तो भाव ते देत. मामी पिशवी उलटी करून बघत आणि म्हणत, "भेंडीला दोन रुपयं कमी करता येत न्हाईत. घराला बरं आलं हुतं."

हे त्या शेवटपर्यंत म्हणत राहिल्या. त्यात पुढे पुढे राग उरला नव्हता. ओळख करून द्यावी तसं त्या नव्या माणसाला सांगत, "हे आमचं मालक. पाच हजारासाठी घर सोडलं ह्यांनी." मामा हसत आणि मान डोलावत. २००३ साली मामींची शुगर वाढली, मग पाय गेला. भाड्याच्या खोलीत स्वयंपाक जमिनीवर होता. मामा खाली बसून भाकरी थापत आणि मामी खाटेवरून त्यांना सूचना देत. एकदा मी गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या घरात ओटा हुता. उभ्यानं थापली असती हो ह्यांनी. आता गुडघं धरत्यात त्यांचं." मामांनी तव्यावरून मान वर केली नाही.

फेब्रुवारी २००४ मध्ये मामी त्याच खोलीत वारल्या. जलदान विधीला न्हावऱ्याहून, कारेगावहून माणसं आली होती. त्यांच्यातही पाच हजारांचा विषय निघाला. मामा पाणी वाटत होते. त्यांनी त्या टोळक्यालाही पाणी दिलं आणि पुढे गेले.

पुढच्या वर्षी प्रकाशनं कारेगावला मामांच्या शिलकीत बसेल असं एक जुनं घर पाहिलं आणि इकडे राहायला या म्हणून तो काकांच्या मागे लागला. मामांनी मला निरोप पाठवला. सुनीताही सासरहून आली होती. आम्ही जीपनं गेलो. घर एका मेंढपाळाच्या कुटुंबाचं होतं. मेंढरं मागच्या पिढीत गेली होती, आता शेती होती. मालक तिशीतला बाळू, आणि ओट्यावर त्याचे वडील पटका बांधून बसलेले.

बाळू म्हणाला, "या, बसा."

मामा पायरीखाली उभे राहिले. "बसायच्या आधी सांगतो. मी न्हावऱ्याचा. बुद्धवाड्यातला. चालत असंल तर बसतो, न्हाई तर तुमचा येळ घेत न्हाई."

सुनीता त्यांच्याकडे बघायला लागली. बाळूला काय बोलावं कळेना. म्हातारा म्हणाला, "आवो, मग त्याला काय झालं? त्येवढ्यासाठी उन्हात उभं ऱ्हाताय व्हय? बाळ्या, पाणी आण की."

पाणी आलं, चहा आला. मामांनी घर पाहिलं. तारीफ केली नाही, नावंही ठेवली नाहीत. बाळूनं भाव सांगितला, दोन लाख चाळीस हजार.

"बरं," मामा म्हणाले.

बाळू थांबला. "आबा, कायतरी बोला की. तुम्ही कमी कराल म्हणून मी चढवून सांगितलंय."

"किती चढवलंय?"

"पंधरा."

"असू द्या."

"आण्णा!" सुनीता वडिलांना म्हणाली. म्हातारा हसायला लागला. "ह्यो पाव्हणा घर घ्यायला आलाय का रुसायला?" शेवटी म्हाताऱ्यानंच भाव दोन पंचवीसला तोडला आणि मामांच्या हातावर हात मारला.

परतताना जीपमध्ये सुनीता म्हणाली, "आण्णा, दारातच ते काय सांगत बसलात?"

"आधी सांगितलेलं बरं असतं."

"दौंडला पण विचारलं होतं का कुणी?"

मामा खिडकीबाहेर बघत होते. "दौंडला भाव पटला न्हाई," ते म्हणाले.

खरेदीखत शिरूरला झालं. जूनमध्ये मामा कारेगावला राहायला गेले. मी नंतर तिथं दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी, २००७ च्या उन्हाळ्यात, ते दारात बसून लसूण सोलत होते. बाजूची एक खोली त्यांना भाड्यानं द्यायची होती. कारखान्याच्या निळ्या शर्टातला एक माणूस आला, चप्पल बाहेर काढली आणि विचारलं, "चाचा, कमरा है? किराया कितना?"

"सात सौ."

"छे सौ कर दीजिए।"

"बरं, छे सौ," मामा म्हणाले.

माणूस जरा पुढे आला आणि आपलं गाव, जिल्हा सांगायला लागला. मग आवाज बारीक करून म्हणाला, "चाचा, पहले बता देता हूँ, हम लोग जात से—"

"वो मैंने नहीं पूछा," मामा म्हणाले. "सामान ले आओ।"

तो संध्याकाळी सायकलवर वळकटी आणि स्टोव्ह घेऊन आला. मामांची आणि माझी ती शेवटची भेट. २००८ च्या हिवाळ्यात मामा त्या घरात वारले. घर आता सुनीताच्या नावावर आहे. भाडेकरू तोच आहे.